बिनपायाचं चालतं

डीजेच्या धंद्यात कुणाचा मान किती, हे गाडीवरच्या बॅनरवरून कळतं. सगळ्यात मोठा फोटो मालकाचा, गॉगल लावून. त्याच्या खांद्याशी ऑपरेटर, कानाला हेडफोन. खाली लाइटवाला, आणि जागा उरलीच तर ड्रायव्हर. बीडमध्ये बार्शी नाक्याजवळच्या एका बोळात बसणाऱ्या आमच्या मिस्त्रींचा फोटो मात्र जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांत कुठल्याच बॅनरवर नाही. त्याचं त्यांना दुःखही नाही. बॅनर लावतात तिथं माझं काम नसतंच, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काम बॉक्सच्या बुडाला. बेसच्या मोठमोठ्या बॉक्सना रबराचे पाय बसवून देणं हा त्यांचा धंदा, आणि बिनपायाच्या बॉक्सच्या मालकाला चार शब्द सुनावणं हा छंद.

"बॉक्स सुतार करतो, स्पीकर कंपनी करती, आवाज ऑपरेटर करतो," बोटं मोजत ते सांगतात. "पण ते उभं कोण करतंय?"

या प्रश्नाचं उत्तर समोरच्यानं द्यायचं नसतं. दिलं तर काम चार दिवस लांबतं.

मिस्त्री साठीकडे झुकलेत, पण झुकलेत असं म्हणण्यात काही अर्थ नाही, कारण ताठ उभे असलेले ते कुणी फारसे पाहिलेच नाहीत. जन्म बुडं बघण्यात गेल्यामुळं मान कायमची खाली. गिऱ्हाइकाचा चेहरा ते पाहत नाहीत, चप्पल पाहतात. "गेवराईचे का तुम्ही? मागल्या खेपेला अंगठा तुटलेला होता, शिवून घेतला वाटतं," अशी त्यांची ओळख पटते. नवी चप्पल घालून आलेल्या जुन्या गिऱ्हाइकाला स्वतःची ओळख पुन्हा पहिल्यापासून करून द्यावी लागते. पुतण्यासाठी मुलगी बघायला म्हणून त्यांना पाटोद्याकडे नेलं होतं. पोह्यांच्या बशा ठेवल्या तसा टेबल डुगडुगला. मिस्त्री लगेच टेबलाखाली. पाहुणे काय हरवलं म्हणून शोधाशोध करायला लागले. तेवढ्यात मुलीनं आत जाऊन वहीचा पुठ्ठा घडी घालून आणला आणि न बोलता टेबलाच्या पायाखाली सारला. मिस्त्रींनी टेबलाखालूनच होकार कळवला. मुलीचं नाव विचारायचं राहून गेलं, ते हळदीच्या दिवशी समजलं.

त्यांचा सिद्धान्त एका ओळीचा आहे: बिनपायाचं चालतं, पायाचं थांबतं. ऐकणाऱ्याला ही ओळ उलटी वाटते. मिस्त्रींना नेमका तोच आनंद.

"काय झालंय बॉक्सला?" ते विचारतात.

"चालायलाय, मामा. काल स्टेजवर मागं ठेवलता, तिसऱ्या गाण्याला आहेराच्या टेबलापाशी आला."

"मग? पाय नाहीत म्हणून चालायलाय. पाय असते तर थांबला असता का नसता?"

पोरगं डोकं खाजवतं, आणि मिस्त्री विज्ञानात शिरतात. त्यांचं विज्ञान शाळेतलं नसलं तरी शाळेतल्या विज्ञानाशी त्याचं भांडण नाही. बेसचा १८ इंची स्पीकर वाजतो म्हणजे त्याचा कागदी शंकू सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा पुढंमागं हलतो. शंकू पुढं गेला की बॉक्सला मागं ढकलतो, शंकू मागं आला की बॉक्सला पुढं. आता शंकू, कॉइल वगैरे हलणारा सगळा पसारा पाव किलोच्या आसपास, आणि दोन स्पीकरचा बॉक्स अंगापिंडानं दोन माणसांना घाम फोडणारा. त्यामुळं एका ढकलण्यानं बॉक्सचं काही वाकडं होत नाही. पण सेकंदाला पन्नास वेळा अंगात कापरं भरलेली वस्तू जमिनीला घट्ट धरून राहत नाही. तिची पकड सुटते. मग जमीन जिकडं उताराची, तिकडं तिचं मन. पिकअपच्या लोखंडी पत्र्यावर किंवा स्टेजच्या गुळगुळीत प्लायवर बॉक्स निघतो तो दिसत नाही, पोचलेला दिसतो.

"म्हणून तर पुढाऱ्याच्या सभेत बॉक्स लई चालतेत," मिस्त्री पुढं जोडतात. "स्टेज बी हलतं, वरचे बी हलतेत. पाय कुणालाच नाहीत."

रबराच्या बाबतीत त्यांचं सोवळं कडक. बाजारात तयार पाय मिळतात, काळे, गोल, चकचकीत. मिस्त्री ते अंगठ्याच्या नखानं तपासतात. नख रुतलं पाहिजे, पण उचललं की खूण राहता कामा नये. नख रुतलंच नाही तर रबर कडक, बॉक्स घसरणार. खूण राहिली तर रबर मेलेलं, बॉक्स लोळणार. बाजारातल्या पायांपैकी बहुतेक या परीक्षेत नापास होतात, कारण परीक्षक स्वतःच पाय कापून विकतो.

त्यांचं रबर येतं टायरमधून, आणि टायरही कुठलाही चालत नाही. तारेचा नको, नायलॉनचा हवा. त्यातही पहिली पसंती ऊसगाडीच्या टायरला. दसरा झाला की जिल्ह्यातली गावंच्या गावं उचल घेऊन ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. बैल, टायरगाडी, कोयता, पोरंबाळं, सगळं बरोबर. कारखान्यांचा पट्टा पडला की टोळ्या परत येतात, आणि पाठोपाठ लग्नांचा धडाका सुरू होतो. मिस्त्रींचा हंगामही तेव्हाच उघडतो. झिजून आलेले गाडीचे टायर ते वजनावर घेतात. आधी मोटारीला, मग उसाच्या गाडीला आणि शेवटी बेसच्या बॉक्सला, अशी त्या टायरची तिसरी पिढी. ज्या गाडीनं कारखान्यावर ऊस ओढला, तिच्याच रबरावर त्या घरच्या लग्नाचा बॉक्स उभा, असंही होत असणार. मिस्त्रींना यात भावुक होण्यासारखं काही दिसत नाही. त्यांना दिसतो तो गुण. "ह्यानं टनानं वजन वाहिलंय. ह्याला वजनाखाली कसं वागावं ते शिकवायला लागत नाही."

टायरचा जाड तुकडा गोल कापायचा, मधे भोक पाडायचं, भोकात लोखंडी वायसर खोल बसवायचा. वायसर नसेल तर बोल्टचं डोकं पहिल्याच हिसक्याला रबर फाडून आरपार जातं. आणि डोकं रबरात पुरतं बुडालेलं हवं. ते जमिनीला टेकलं तर बॉक्स रबरावर नाही, लोखंडावर उभा. हे मिस्त्री इतक्या गंभीरपणे सांगतात की ऐकणारा आपल्या चपलेचा तळ बघून घेतो.

पाय कुठं बसवायचा, हा पुढचा अध्याय. अगदी कोपऱ्यात नाही, नाहीतर बॉक्स ओढताना धक्क्यानं उखडतो. पार मधेही नाही, कारण तिथं खालची फळी एकटी असते आणि वजनानं झोका खाते. कोपऱ्यापासून तीन बोटं आत, जिथं उभ्या बाजूचं वजन उतरतं, तिथं. बोटं मिस्त्रींची. स्वतःची बोटं लावून खूण करून आणलेल्या एका कारागिराला त्यांनी परत पाठवलं होतं. पायात स्क्रूही चालत नाही. प्लायवुडात स्क्रू हादऱ्यानं हळूहळू भोक मोठं करतो आणि एके दिवशी पाय वरातीत राहतो, बॉक्स पुढं जातो. म्हणून आतून टी-नट ठोकायचा, बाहेरून दोन सुती बोल्ट आवळायचा. भोकातून हवा गळाली तर बॉक्स शीळ घालतो. बेसच्या बॉक्सनं शीळ घालणं मिस्त्रींना चारित्र्याचा प्रश्न वाटतो.

टी-नट आतून ठोकायचा म्हणजे स्पीकर उतरवणं आलं. एवढ्याशा पायासाठी एवढा मोठा स्पीकर खोलायचा, यावर प्रत्येक मालक कुरकुरतो. "मामा, वरच्यावर बसवा की. संध्याकाळी धारूरला वाजवायचंय." मिस्त्री गिरमीट खाली ठेवतात आणि विचारतात, "डोळ्याचं ऑपरेशन वरच्यावर करून घेतलं असतं का तुमच्या वडलांनी?" मालक गप्प. वडलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं नसतं, पण ते सांगण्याची ती वेळ नसते.

स्पीकर उतरला की खरी मजा. बेसच्या बॉक्सला हवा खेळायला पुढून तोंड ठेवलेलं असतं, आणि त्या तोंडातून वर्षभर जे काही उधळलं जातं ते पोटात साठतं. अक्षता, झिरमिळ्या, पाकळ्या. ग्रामपंचायतीच्या निकालाचा गुलाल. खंडोबाच्या जत्रेचा भंडारा. १४ एप्रिलची निळाई. १९ फेब्रुवारीचा भगवा. एकमेकांची मिरवणूक ज्या रस्त्यानं जाऊ देत नाहीत अशा मंडळींचे रंग एकाच पोटात थरावर थर देऊन बसलेले असतात. मिस्त्री ते थर पत्र्यानं खरवडून डब्यात भरतात आणि मालकाला त्याच्या धंद्याचा हिशेब तोंडपाठ सांगतात: या वर्षी लग्नं कमी, निवडणुका बऱ्या. एकदा एका तरुण मालकानं अभिमानानं सांगितलं, आपण फक्त आपल्या माणसांचं वाजवतो. मिस्त्रींनी डबा त्याच्यासमोर धरला. त्यात सगळेच होते. "रंग कुठलाबी असू द्या," ते म्हणाले, "ओल धरली की नट गंजवायचा तो गंजवतोच." पोरानं डब्यात पाहिलं, मग रस्त्यावर कुणी आहे का ते पाहिलं आणि पैसे थोडे जास्त दिले.

चाकांवर मिस्त्रींचा राग नाही, पण चाकानं आपली पायरी ओळखावी असा आग्रह आहे. चाकं पाठीला, पाय बुडाला. गाडीतून उतरवला, पाठीवर घेऊन ढकलला, जागेवर आला की उभा केला. हमालांचे कष्ट वाचावेत म्हणून एका मालकानं बुडालाच चाकं लावली. त्याच्या सांगण्यानुसार चाकांना ब्रेकही होते. देवळापुढच्या उताराच्या फरशीवर बॉक्स उभे केले, ऑपरेटरनं बेस सोडला आणि ब्रेक हळूहळू हादऱ्यानं सुटले. एक बॉक्स मांडवाच्या खांबाला टेकला. दुसरा थेट पंगतीत, आणि तोही वाजत. ज्याच्या ताटापुढं तो थांबला, तो माणूस बुंदी घेऊनच उठला म्हणतात. मिस्त्रींना ही गोष्ट कळली त्या दिवशी त्यांनी बोळात सगळ्यांना चहा पाजला.

पुण्याहून सुट्टीला आलेले एक शौकीन गृहस्थही त्यांच्याकडे येऊन गेले. यांचं संगीत घरातलं, खुर्चीत बसून ऐकायचं. त्यांच्या स्पीकरला खाली पोलादी टोकदार खिळे होते. त्यांनी समजावलं, की टोकामुळं स्पीकर जमिनीत पक्का रुतून बसतो. परदेशात घरभर जाड गालिचे, ते भेदून टोक खालच्या जमिनीला पोचतं, त्यासाठी ही योजना.

"तुमच्याकडं गालिचा हाय?"

"नाही, टाइल्स आहेत."

"मग टाइलीला भोक पडत असंल?"

"पडू नये म्हणून टोकाखाली आम्ही नाणं ठेवतो."

मिस्त्रींनी मान वर केली. ही दुर्मीळ घटना. "म्हणजे आधी पायाला टोक काढायचं, अन् मग टोक लागू नये म्हणून त्याच्याखाली पैसा ठेवायचा?" बराच वेळ ते विचार करत राहिले. गृहस्थ गेल्यावर म्हणाले, "शिकलेला माणूस दिसतो."

बोळाच्या तोंडाशी निवृत्त गुरुजी राहतात. विज्ञान शिकवायचे. आता रक्तदाब आहे, आणि समोरचा रस्ता वरातींचा आहे. मिस्त्रींवर त्यांचा विशेष राग, कारण डीजेवाले वाजवून निघून जातात, मिस्त्री रोज भेटतात. एका रात्री वरात गेली, कपाटातली भांडी वाजली, आणि सकाळी गुरुजी ध्वनिप्रदूषणाच्या नियमांची छापील प्रत घेऊन बोळात आले. २००० सालचे नियम. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता. २०१८ साली गणेशोत्सवात डीजेवरच्या बंदीला स्थगिती द्यायला मुंबई उच्च न्यायालयानं कसा नकार दिला, तेही त्यांनी ऐकवलं. मिस्त्रींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "ह्याच्यात पायाबद्दल काही लिहिलंय का?"

"नाही."

"शेवटपर्यंत वाचलं ना?"

गुरुजींनी दुसरी बाजू लावली. आवाज हवेत सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास धावतो. तुमचा बेस ५० हर्ट्झचा धरा. एकेक लाट जवळपास सात मीटर लांबीची. भिंत, खिडकी, कानात घातलेला कापूस, कशालाच ती फारशी दाद देत नाही. "आणि तुमचं रबर इंचभर! सात मीटरची लाट इंचभर रबरानं अडवता?"

"गुरुजी, रात्री तुमची फरशी हादरली का भांडी वाजली?"

"भांडी."

"म्हणजे हवेतनं आला. हवेतनं आला तो ऑपरेटरचा. जमिनीतनं आला असता, तर माझा. त्याची भरपाई मी केली असती."

"मिस्त्री, तुम्ही बॉक्स उभा करता म्हणून तो वाजतो ना?"

"वाजतो तो वर. मी खाली असतो."

गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, की चाळीस वर्षं नोकरी केली त्या खात्यात असलीच माणसं होती. प्रत्येकाचा स्क्रू घट्ट, प्रत्येकाची सही जागेवर, आणि वर काय वाजतंय ते विचारायला गेलं की जो तो खाली. मिस्त्रींना हे प्रशस्तिपत्र वाटलं. त्यांनी गुरुजींच्या घरघंटीला आणि कूलरला पाय बसवून दिले, फुकट. घरघंटी पूर्वी दळता दळता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत यायची, ती आता जागेवर थांबते. गुरुजींचा राग मात्र होता तिथंच राहिला.

पुढं लग्नसराईच्या शेवटच्या तिथीला एका डीजेनं रात्री साडेअकराला बोळाच्या तोंडाशी बेस सोडला. गुरुजींनी फोन फिरवला. पोलीस आले, पंचनामा झाला, दोन बॉक्स जप्त होऊन ठाण्याच्या आवारात उघड्यावर जाऊन उभे राहिले. पावसाळा लागला. तारखा पडत गेल्या. आवारात गवत वाढलं, बॉक्सच्या आडोशाला कुत्री व्याली. दसऱ्याच्या तोंडावर एकदाचे बॉक्स सुटले. ते आणायला मालकानं मिस्त्रींना बरोबर नेलं, आणि गंमत बघायला मीही गेलो.

दोन बॉक्सपैकी एकाला मिस्त्रींचे पाय होते. दुसऱ्याचे पैसे मालकानं वाचवले होते. बिनपायाच्या बॉक्सचं बूड चिखलात बसलेलं, प्लाय फुगून पानं पानं सुटलेली, कडेला वाळवीचा रस्ता. मालक कपाळाला हात लावून मटकन बसला. मिस्त्री पायाच्या बॉक्सपाशी गेले, वाकले, जवळजवळ झोपलेच. खालून हात फिरवला. बूड कोरडं. त्यांनी पाणसळ काढून वर ठेवली. बुडबुडा मधोमध. हवालदारानं हटकलं, "काय करायलाव तिथं?"

"साहेब, सबंध पावसाळा सरकारी जागेत उभा हाय. एकदा तरी वाकला का, विचारा."

हवालदारानं विचारलं नाही. मालकाचं रडगाणं चाललेलं, दंडाचा कागद, वकिलाची फी, बुडालेल्या सुपाऱ्या. मिस्त्रींच्या कानात त्यातलं काही शिरत नव्हतं. परत येताना टेम्पोत ते कुणाशी बोलले नाहीत, नुसते गालात हसत राहिले.

बोळात उतरले ते सरळ गुरुजींच्या दारात. तक्रार कुणाची होती ते अख्ख्या गल्लीला माहीत होतं. गुरुजी जरा सावरून बसले, बायकोला दार लोटून घ्यायला सांगितलं. मिस्त्रींनी चप्पल काढली, आत आले आणि गुरुजींच्या पायांना हात लावला.

"गुरुजी, तुमचे लई उपकार झाले. एवढं पाऊसपाण्यात उभं ठेवून कोण तपासून देतंय? कंपनीवाले बी करत नाहीत."

गुरुजींना काय बोलावं सुचेना. मिस्त्री उंबऱ्यापर्यंत गेले, घरघंटीच्या पायाला सवयीनं अंगठा टेकवून पाहिला आणि मागं वळून म्हणाले, "पुढल्या खेपेला तक्रार करायची तर त्या माजलगाववाल्याची करा. त्याला नवीन रबर टाकलंय. ते पावसात टिकतंय का बघायचंय."